फळमाशीचे वर्णन आणि तिचे नामांतर

अंधेरीनजीकच्या सहार विमानतळावरून परदेशी जाणाऱ्या हापूस आंब्याला युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून बंदी केली. भारतीय मालात फळमाशा आढळल्या होत्या. आपल्याकडील आंब्यावरील प्रमुख फळमाशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. हेंडेल याने १९१२ मध्ये फॉर्मोसा बेटावरून तिचे वर्णन केले. काळसर वक्षावर दोन पिवळे पट्टे, पारदर्शक पंखाच्या पुढील कडेस अरुंद गडद पट्टी व उदरावर ‘टी’सारखी काळी खूण ही तिची लक्षणे होत. पुढे वक्षाची रंगछटा, अंडनिक्षेपकाची लांबी अशा सूक्ष्म भेदांवरून १९९४ मध्ये ‘पपायी’ आणि २००५ मध्ये आफ्रिकेतील ‘इनव्हेडन्स’ या स्वतंत्र जाती मानल्या गेल्या. २०१५ मध्ये त्या दोन्ही डॉर्सालिसमध्येच विलीन झाल्या. व्यापाराचे निर्बंध जातीच्या नावावर ठरतात आणि नाव वर्णनावर. म्हणून एकाच जातीतील भेदांची नोंद हाही वर्णनाचाच भाग मानावा लागतो.