हौस कोणाला परवडते?

आपल्याकडे जलशांचा इतिहास लिहिला जातो तो शाहिरांचा इतिहास म्हणून. कोणी कवने रचली, कोणाचा आवाज पहाडी होता, कोणत्या परिषदेत कोण गायले, एवढे नोंदले की काम संपले असे आपण मानतो. परंतु शाहिराच्या मागे उभे राहून झील धरणारा, ढोलकी खांद्याला अडकवून चार कोस चालत जाणारा आणि एके दिवशी न सांगता यायचा थांबणारा, हा माणूस त्या इतिहासात नाही. पथके जन्मली कशी हे आपण सांगतो. ती मोडली का, याचा हिशेब मांडत नाही. खटाव तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या गायन पार्टीत मी बरीच वर्षे पेटी वाजवली. तेव्हा हा हिशेब मला टाळता येत नाही.

प्रथम 'हौशी' हा शब्द तपासला पाहिजे. पोटापाण्याची चिंता मिटलेल्या माणसाने फावल्या वेळात केलेली कला, असा त्याचा पांढरपेशा अर्थ आहे. आमच्या वाट्याला वाद्य आले ते हौस म्हणून नव्हे. मातंगाने गावच्या लग्नात, जत्रेत हलगी वाजवायची, ती रीत म्हणून. महाराने वेठ करायची, ती वतन म्हणून. ते वतन कायद्याने गेले १९५८ च्या कायद्यान्वये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षांनी. बोलावतील तेव्हा वाजवायचे आणि मिळेल ते पसरून घ्यायचे, ही ज्यांची परंपरा, त्यांनी आपल्या मर्जीने, आपल्याच वस्तीत, पैसा न घेता वाजवायला बसणे, हे बंड होते. गावासाठी वाजवायचे नाकारणाऱ्यांवर बहिष्कार पडत, याचे कारणही हेच. आमची हौस ही पहिल्यापासून राजकीय होती.

पण बंडालाही भाकर लागते. पथक एकत्र राहते ते कशाच्या बळावर? सातारा-सांगलीच्या मातीतच याची चार उत्तरे सापडतात.

पहिले उत्तर राजाश्रयाचे. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयावर. १८५१ साली राजेसाहेब वारले, आश्रय आटला, आणि मंडळींना पुण्या-मुंबईची वाट धरावी लागली. मराठी रंगभूमीचा हा प्रारंभ आपण अभिमानाने सांगतो. त्यातला धडा एवढाच की दरबार असेतोवर पथक. दरबार गेला की तिकीट. आमच्या पथकांना तर दरबारही नव्हता आणि तिकीट काढणारा प्रेक्षकही नव्हता.

दुसरे उत्तर बाजाराचे. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी पठ्ठे बापूराव झाले. पवळा ही महाराची मुलगी. तिच्या साथीने त्यांचा फड गाजला. जात सोडून तमाशात उतरलेल्या बापूरावांचे धैर्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु फड चालत होता तो तिकिटावर आणि बाईच्या नाचावर. महाडच्या सत्याग्रहासाठी त्यांनी देऊ केलेला तमाशाचा पैसा बाबासाहेबांनी नाकारला, ही हकीकत चळवळीच्या आठवणींत वारंवार येते. आपल्याच आयाबहिणींना नाचवून मिळालेल्या पैशावर मुक्तीची चळवळ उभी करायची नाही, हा त्या नकाराचा अर्थ. बाजार पथक टिकवतो, पण किंमत कोणाच्या अंगावरून वसूल करतो, ते पाहिले पाहिजे.

तिसरे उत्तर पक्षाचे. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. अण्णाभाऊ अंगात तमाशाचे बळ घेऊन आले होते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले, तेव्हा याच तमाशाला त्यांनी लोकनाट्याचे रूप दिले. पक्षाने पथकाला विचार दिला, कामगारवस्त्यांतला प्रेक्षक दिला. पण पक्षाच्या आधारावर उभे राहिलेले पथक पक्षाच्या चढउतारांपासून सुटत नाही. तिघे जन्मभर एका व्यासपीठावर राहिले नाहीत. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले, आणि बेचाळीस दिवसांनी अमर शेख गेले. ज्यांच्या गाण्यांनी संयुक्त महाराष्ट्र पेटवला, त्यातले अण्णाभाऊ अखेरीस दारिद्र्यात होते.

चौथे उत्तर आंबेडकरी जलशाचे. सत्यशोधक जलशांनी वाट पाडून दिली होतीच. नाशिककडे भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला, आणि पुढे त्यावर पुस्तकही लिहून ठेवले. या जलशांना ना राजा, ना तिकीट. गणगौळणीचा साचा त्यांनी बदलला, अचकटविचकट बोलणे टाकले, बाई नाचवणे टाकले. म्हणजे ज्यावर फड तरतात ते सारे त्यांनी होऊन सोडले. उरली ती फक्त वस्ती. वस्तीच जेवण घालणार, वस्तीच बत्तीचे तेल आणणार, वस्तीच वर्गणी काढणार. या एका आधारावर उभे राहणे सर्वांत कठीण, आणि माझ्या मते सर्वांत प्रतिष्ठेचे.

आता कठीण म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी पट्टा. दिवाळी उरकली की कोयता घेऊन माणसे उसाच्या फडावर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. सहा डिसेंबरला ढोलकीवाला वाळव्याच्या फडात असतो. चौदा एप्रिलला तो घरी येतो, तेव्हा हात उसाच्या पात्याने चिरलेले असतात. तालीम व्हायची कधी? जे मुंबईला गिरणीत गेले त्यांना पाळी चुकवता येत नसे. १९८२ च्या संपाने तीही भाकर तोडली आणि माणसे चार दिशांना पांगली.

पेटी वर्गणीची. ती कोणाच्या घरी ठेवायची यावरून आमच्या पार्टीत जेवढी भांडणे झाली, तेवढी चालीवरून झाली नाहीत. ज्याच्या घरी पेटी, तो पुढारी, असा समज होई. मग आम्ही ती विहारात ठेवली आणि एक वही घातली. कोणी किती दिले, कोठून काय मिळाले, ते रात्री सर्वांसमोर वाचून दाखवायचे. त्या वहीने पार्टीची वर्षे वाढवली असे मी म्हणेन. वैऱ्यापेक्षा संशयाने पथके अधिक मोडली आहेत.

दुसरा घाव राजकारणाचा. रिपब्लिकन पक्ष १९५७ साली स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत फुटला. पुढाऱ्यांना फूट परवडते. त्यांना नवे व्यासपीठ मिळते. एका वस्तीत मात्र एकच ढोलकी असते. ती कोणत्या गटाच्या सभेत वाजायची, या प्रश्नावर सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या पंगतीला बसेनासे झाले.

आणि तिसरा प्रश्न आपण स्वतःलाच विचारला पाहिजे. बाई नाचवणे टाकले, ते योग्यच केले. पण गाणारी बाई पथकात किती ठिकाणी आली? आमच्या वस्तीत पाळणे, ओव्या, बाबासाहेबांची गाणी ज्यांच्या तोंडी होती, त्या बायांना आम्ही स्वयंपाकाला ठेवले. माणसे कमी पडतात म्हणून रडणारी पथके निम्मी वस्ती मोजतच नव्हती.

आज जयंतीच्या मिरवणुकीत डीजे येतो. वर्गणी पूर्वीच्या कितीतरी पट जमते, आणि ती एका रात्रीत भाड्यात जाते. तरुणांना दोष देऊन भागणार नाही; भाड्याच्या आवाजाला तालीम लागत नाही, रुसवेफुगवे काढावे लागत नाहीत, पेटी कोणाच्या घरी हा वाद नसतो. पण म्हणूनच त्यातून माणसे घडत नाहीत. पथकाने आम्हाला वेळेवर येणे, हिशेब देणे, दुसऱ्याच्या आवाजासाठी आपला आवाज खाली घेणे शिकवले. गावगाड्याने या गोष्टी आम्हाला कधी करू दिल्या नव्हत्या. ज्या वस्तीत जुनी वही अजून शिल्लक असेल, तिने ती रद्दीत घालू नये. शाहिरांची नावे पुस्तकांत आली आहेत. झीलकऱ्यांची नावे फक्त त्या वह्यांत आहेत.