भाता, पेटी आणि पंधराशे विद्यार्थी

हा लेख वाचून होईपर्यंत आपण साठ-सत्तर वेळा तरी श्वास घ्याल आणि त्यातला एकही आपल्या लक्षात राहणार नाही. आपल्या मंडळात डॉक्टरांची वानवा नाही, आणि माझी डॉक्टरेट इंजिनिअरिंगमधली. तेव्हा या विषयात मी का शिरावे, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. माझे म्हणणे एवढेच की श्वसन ही हवा आत-बाहेर करणारी एक यंत्रणा आहे, आणि ती समजून घेण्याच्या इतिहासात इंजिनिअरांनाही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

लोहाराचा भाता आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिला असेल. प्राणायामातल्या ‘भस्त्रिके’चे नावही भात्यावरूनच पडले, कारण भस्त्रा म्हणजे भाता. ही उपमा फार नेमकी आहे. हवा फुफ्फुसात शिरते म्हणून छाती फुगते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. स्वतःहून फुगायला फुफ्फुसांपाशी स्नायूच नाहीत. श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात, छातीतली जागा वाढते आणि आतला दाब किंचित घटतो. किती? शांत श्वासात फुफ्फुसातला दाब पाण्याच्या जेमतेम एका सेंटिमीटरइतका कमी होतो. तेवढ्यावर सुमारे अर्धा लिटर हवा आत येते. स्नायू सैल पडले की ताणलेले फुफ्फुस रबरासारखे आवळते आणि हवा बाहेर जाते. भात्यात एक फुगा बसवून हे तत्त्व इंग्लंडच्या जॉन मेयो यांनी १६७४ मध्येच मांडले होते.

म्हणजे निसर्ग हवा ओढतो. माणसाला मात्र ती ढकलण्याची युक्ती आधी सुचली. १५४३ मध्ये व्हेसेलियस यांनी जनावराच्या श्वासनलिकेत बोरू घालून फुंकर मारली की फुफ्फुस पुन्हा फुगते, हे लिहून ठेवले. १६६७ मध्ये रॉबर्ट हुक यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एका कुत्र्याच्या फुफ्फुसांना भोके पाडून भात्याने त्यांतून सतत हवा खेळती ठेवली. फुफ्फुसे हलत नव्हती, तरी कुत्रा जिवंत राहिला. महत्त्व हालचालीला नसून ताज्या हवेच्या येण्या-जाण्याला आहे, हे त्यातून दिसले. पुढे बुडालेल्यांना वाचवण्यासाठी भाते वापरात आले. पण जोराने हवा भरल्यास फुफ्फुस फाटते, असे १८२७ मध्ये पॅरिसच्या लेरॉय यांनी दाखवून दिले आणि भाता मागे पडला.

१९२८ मध्ये हार्वर्डचे फिलिप ड्रिंकर आणि लुई अगासी शॉ यांनी निसर्गाचीच नक्कल केली. रुग्णाला पत्र्याच्या हवाबंद पेटीत झोपवायचे, डोके तेवढे बाहेर ठेवायचे आणि पेटीतली हवा पंपाने ठरावीक तालात कमी-जास्त करायची. पेटीतला दाब घटला की छाती उचलली जाते आणि श्वास आत येतो. हेच ते ‘लोखंडी फुफ्फुस’. पोलिओने स्नायू लुळे पडलेली असंख्य मुले त्याने जगवली.

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात दिवसाला पन्नासपर्यंत रुग्ण येऊ लागले. तिथे पूर्ण शरीराची पेटी एक आणि छातीवर चिलखतासारखी बसवायची यंत्रे सहा. पहिल्या तीन आठवड्यांत गिळण्याचे व श्वासाचे स्नायू गेलेल्या ३१ रुग्णांना ही यंत्रे लावली, त्यातले २७ दगावले. मरणाऱ्यांच्या रक्तात बायकार्बोनेट खूप वाढलेले आढळे. काहीतरी अनाकलनीय कारणाने रक्त अल्कधर्मी झाले आहे, असा त्याचा अर्थ लावला जात होता.

विभागप्रमुख लासेन यांनी अखेर भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांना बोलावले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर स्नायू लुळे पाडून हाताने श्वास देणे हे त्यांचे रोजचे काम. आकडे पाहून त्यांनी वेगळाच अर्थ काढला: या रुग्णांना प्राणवायू मिळतो आहे, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. प्राणवायूची नळी लावली की त्वचा गुलाबी दिसते आणि सारे ठीक आहे असे वाटते. आत मात्र श्वासाची दुसरी बाजू, सोडण्याची, बंद पडलेली असते आणि रक्त आम्लधर्मी होत जाते.

२७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली गेली आणि इब्सेन रबरी पिशवी दाबून हवा देऊ लागले. मुलगी वाचली. पण ढकलून श्वास देणारी यंत्रे तिथे नव्हती. म्हणून माणसे लावली. वैद्यकीचे आणि दंतवैद्यकीचे मिळून सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळीपाळीने उशाशी बसले आणि त्यांनी पिशव्या दाबल्या. एका वेळी सत्तरपर्यंत रुग्ण त्यांच्या हातांवर जगत होते. एकूण तास भरले १,६५,०००. अशा रुग्णांचा मृत्युदर नव्वदच्या घरातून हळूहळू पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरला.

त्यातून पुढे दोन गोष्टी घडल्या. रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोजण्याचे तंत्र पोल आस्त्रुप यांनी तिथेच विकसित केले. आणि १९५३ च्या डिसेंबरात इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच दुसऱ्या रुग्णालयात जगातल्या पहिल्या अतिदक्षता विभागांपैकी एक सुरू केला.

लेरॉय यांचा इशाराही खोटा नव्हता. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, निकामी होत चाललेल्या फुफ्फुसांत दर श्वासाला किलोमागे बारा मिलिलिटरऐवजी सहा मिलिलिटर हवा दिली, तेव्हा मृत्युदर ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आला. ढकलायचे ते बेताने.

हे सारे आपल्या घरापासून दूर नाही. २०२१ च्या वसंतात भारतातून येणाऱ्या फोनची आपण किती धास्ती घेतली होती! परदेशातल्या अनेक भारतीय संस्थांनी तेव्हा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाठवले. त्यांचा उपयोग झालाच. पण ते हवा समृद्ध करतात, श्वास घेण्याचे आणि सोडण्याचे श्रम रुग्णालाच करावे लागतात. ते श्रम झेपेनासे झाले की व्हेंटिलेटर लागतो. ‘ऑक्सिजन लावला आहे’ आणि ‘व्हेंटिलेटरवर ठेवले आहे’ या दोन वाक्यांत एवढा फरक आहे. इतक्या दूरून आई-वडिलांच्या आजाराचे निर्णय घेण्याची वेळ आपल्यापैकी बहुतेकांवर कधी ना कधी येते. तेव्हा बोटावरच्या यंत्रातला प्राणवायूचा आकडा तर विचारावाच, पण श्वासाला किती कष्ट पडताहेत आणि कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडतो आहे का, हेही डॉक्टरांना विचारावे. कोपनहेगनमध्ये आकडा समोर असूनही त्याचा अर्थ लागायला सत्तावीस जीव जावे लागले. आपल्याला तो प्रश्न आयता मिळाला आहे.