पहारा आणि पालकत्व

पुण्याच्या नारायण पेठेतून मोदी गणपतीकडून पत्र्या मारुतीकडे जाणाऱ्यास ही पेठ कोणाच्या नावाची, याची क्वचितच आठवण होत असेल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात ज्यांचा खून झाला, त्या नारायणराव पेशव्यांचे हे नाव. त्या वेळी त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मलेला त्यांचा पुत्र म्हणजे सवाई माधवराव. अवघ्या चाळीस दिवसांच्या या बालकास पेशवाईची वस्त्रे मिळाली. १७७७ मध्ये आईही गेली आणि पालकत्व नाना फडणविसांकडे राहिले.

नानांनी या पोरक्या मुलाला जिवापाड जपले, यात संशय नाही. बापाचा घात ज्या घरात झाला, तेथे सावधगिरी हवीच होती. परंतु मूल वाढले तरी पहारा सैल झाला नाही. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याचा विजय मिळाला. त्याच वर्षी तरुण पेशव्याचा शिवनेरीवर नजरकैदेत असलेल्या बाजीरावाशी गुप्त पत्रव्यवहार उघडकीस आला. बाजीराव नात्याने चुलता, वयाने मात्र त्याच्याहून धाकटा. नानांनी कठोर शब्दांत कानउघाडणी केली व मध्यस्थास कैदेत टाकले. पेशवा खिन्न झाला, दालनाबाहेर पडेनासा झाला. दसऱ्याला तो लोकांसमोर आला. २५ ऑक्टोबरला वाड्याच्या गच्चीवरून खाली कोसळला आणि २७ ऑक्टोबरला वारला. वय एकवीस.

ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात यास आत्महत्या म्हटले. इतर कित्येकांच्या मते तो तापाच्या भ्रमात पडला. या वादाचा निकाल आम्हांस द्यावयाचा नाही, आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाचे निदानही करावयाचे नाही. आम्ही एवढेच विचारतो: त्या दिवसांत मनातले बोलावे असे त्याच्यापाशी कोण होते?

हा प्रश्न आम्हांस इतिहासापुरता वाटत नाही. वस्तू फोडणाऱ्या, अंगावर धावून येणाऱ्या, रात्री घरातून निघून जाणाऱ्या मुलांचे आईबाप आमच्याकडे येतात. सुऱ्या लपवलेल्या असतात, दाराला कुलूप असते, शेजाऱ्यांना काही सांगितलेले नसते. त्यांना दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. ही भीती नानांच्या भीतीसारखीच प्रेमातून येते, आणि कधी कधी कुलूप खरोखर लागतेही. पण कुलपाने जीव वाचला तरी आजार बरा होत नाही.

आम्हीही उशिराच शिकलो. १९१७ च्या धर्मसंहितेने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारले होते. १९८३ च्या संहितेत तो निर्बंध उरला नाही. गंभीर मनोविकाराने माणसाची जबाबदारी कमी होते, असे १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने मान्य केले. देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याच्या उपचाराची जबाबदारी शासनावर टाकली.

तेव्हा ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी डॉक्टरांकडे लवकर जावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे. आणि आपण शेजाऱ्यांनी, धर्मबांधवांनी त्या घरी जावे, तासभर मुलापाशी बसावे, म्हणजे त्याच्या आईला थोडी झोप मिळेल. नानांना असा विसावा देणारे कोणी नव्हते.