‘आटणार’ म्हटलेली सरोवरं काठ का फोडू लागली?

हवामानाचा अंदाज चुकला की आपण दोन विनोद करतो आणि मोकळे होतो. पण तो नेमका कुठे चुकला, हे शोधण्याचाही एक इतिहास असतो. ही त्यातलीच एक गोष्ट, अमेरिका-कॅनडातल्या पाच महासरोवरांची.

आधी आकार डोळ्यांसमोर आणा. एकटं सुपिरियर सरोवर ८२ हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून मोठं! बर्फ आणि भूजल सोडलं, तर जगातल्या गोड्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा या पाचांत आहे.

१९८०च्या दशकात प्रश्न आला : तापमान वाढलं तर या पाण्याचं काय होईल? तेव्हाच्या जागतिक मॉडेलांत पृथ्वीचे शेकडो किलोमीटरचे चौकोन पाडलेले असत. गंमत म्हणजे, बऱ्याच मॉडेलांत सरोवरांच्या जागी चक्क जमीन होती. या मॉडेलांतून वाढीव तापमान आणि पावसाचे आकडे घ्यायचे आणि पाण्याच्या वेगळ्या हिशोबात घालायचे, अशी पद्धत. १९८९ साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या अहवालात उत्तर आलं : हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पातळी अर्धा ते अडीच मीटर उतरेल.

पुढे १९९८ नंतर पातळी खरंच उतरली. जानेवारी २०१३ मध्ये मिशिगन-ह्युरॉनने १९१८ पासूनच्या नोंदींतला नीचांक गाठला. जहाजांना कमी माल भरून जावं लागलं. लोक म्हणाले, बघा, सांगितलं होतं तसंच झालं.

आणि मग पाणी फिरलं! दोनच वर्षांत मिशिगन-ह्युरॉन जवळपास एक मीटर वर आलं. २०२० मध्ये तर महिन्यामागून महिना उच्चांक मोडत गेले. काठ ढासळले, मिशिगनच्या किनाऱ्यावरची घरं पाण्यात कोसळली.

आता कुणी म्हणेल, मॉडेलं खोटी. तसं नाही. चार ओल्या वर्षांनी शतकाचा अंदाज खोटा ठरत नाही आणि चार कोरड्या वर्षांनी खराही ठरत नाही. मात्र जुन्या हिशोबात एक चूक होतीच, आणि ती पाणी चढण्याआधी, २०११ मध्येच, मिशिगनमधल्या सरकारी प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवून दिली होती. जमिनीतून आणि झाडांतून किती पाणी उडेल, हे फक्त हवेच्या तापमानावरून काढलं जायचं. पण पाण्याची वाफ व्हायला ऊर्जा लागते. तेवढी ऊर्जा त्या हवामानात उपलब्धच नव्हती. खिशात शंभर रुपये आणि खर्च मांडला दीडशेचा, असा तो प्रकार!

आता मॉडेलांत सरोवर आणि हवा एकत्र जोडतात. बर्फ कमी झाला की हिवाळ्यात बाष्पीभवन वाढतं, तसा पाऊसही वाढतो. दोघांची ओढाताण सुरू राहते. म्हणून आज इशारा ‘आटेल’ एवढाच नाही. पातळी झपाट्याने खाली-वर होऊ शकते, असा आहे.

हा फरक कागदावरचा नाही. पाणी आटणारच असं धरून चालणारा माणूस काठाजवळ घर बांधतो. दोन्ही बाजूंची तयारी ठेवणारा चार पावलं मागे सरतो.

म्हणून पुढच्या वेळी कुणी एकच आकडा ठासून सांगितला, तर एवढंच विचारा : हा हिशोब कसा केलात?