ऊब घराला की माणसाला?

2022 साली रशियाकडून येणारा गॅस आटला आणि जर्मनीने सरकारी कचेऱ्या 19 अंशांपेक्षा जास्त तापवायच्या नाहीत असा नियम केला. त्यावरून बरीच कुरकुर झाली. थंडीत माणसाला खरंच इतकी गरम घरं लागतात का? या प्रश्नाचं उत्तर मला इतिहासात शोधावंसं वाटतं.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथे घरात एका खोलीत कोळसा पेटवायचा आणि कुटुंबाने तिच्याभोवती बसायचं, अशी रीत होती. बाकीच्या खोल्या गारठलेल्याच असत. डिसेंबर 1952 मध्ये याच कोळशाच्या धुराने लंडनला वेढलं आणि हजारो माणसं दगावली. 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. 1965 साली उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला आणि पुढच्या काळात तो घरोघर पोहोचला. 1970च्या सुमारास हिवाळ्यात तिथल्या घरांचं सरासरी तापमान 12-13 अंश असे. चाळीस वर्षांत ते 17-18 वर गेलं. एवढ्या काळात माणसाचं शरीर काही बदललं नाही. इंधन स्वस्त आणि सोपं झालं, तशी गरजही वाढत गेली.

आता काश्मीरकडे पाहा. 21 डिसेंबरपासूनचे 40 दिवस म्हणजे ‘चिल्लई कलां’. श्रीनगरचा पारा रात्री शून्याखाली उतरतो. तिथल्या लोकांनी सगळं घर तापवायचा हट्ट धरला नाही. अंगात घोळदार फेरन आणि फेरनच्या आत कांगडी. विणलेल्या परडीत मातीचं भांडं, त्यात निखारे, वर राखेचा थर. चालता-बोलता ऊब माणसासोबत फिरते. अनेक मशिदींत हमाम असतो. दगडी फरशीखाली लाकडं जळतात आणि वर मोहल्ल्यातली माणसं गप्पा मारत बसतात. इराणची कुर्सी आणि जपानचा कोतात्सु याच जातीचे. बुटक्या मेजाखाली शेगडी, वर रजई, आत सगळ्यांचे पाय. खोलीतली हवा तापवण्यापेक्षा माणसाला शेक द्यायचा, हे शहाणपण या सगळ्यांत समान आहे.

पण म्हणून जुन्या काळाचे गोडवे गाण्याची घाई मी करणार नाही. वर्षानुवर्षं कांगडी अंगाजवळ धरल्याने पोटा-मांड्यांच्या त्वचेला होणारा कर्करोग वैद्यकशास्त्रात ‘कांगडी कॅन्सर’ म्हणूनच नोंदलेला आहे. बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो. शिवाय गारठलेल्या घरात म्हाताऱ्यांचा रक्तदाब वाढतो, दमा बळावतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली थंड प्रदेशांतल्या घरांसाठी साधारण 18 अंशांची शिफारस केली ती यासाठीच.

म्हणजे प्रश्न ‘किती’ एवढाच नाही, ‘कोणाला’ हाही आहे. भर हिवाळ्यात टी-शर्टवर वावरता यावं म्हणून घर तापवणाऱ्याला स्वेटर घालायला जरूर सांगावं. पण बिलाच्या भीतीने हीटर बंद ठेवून रजईत कुडकुडणाऱ्या म्हातारीला काटकसरीचा उपदेश करू नये. उपासाचे फायदे पोटभर जेवलेल्याला सांगायचे असतात, उपाशी माणसाला नव्हे.