ठोक्याचा कागद का होत नाही?

आपल्या धामणगाव बढे भागात ठोक्यानं, बटईनं वावर करणारे बरेच, पण कागद करायला मालक तयार नसतो. याचं मूळ जुन्या कूळ कायद्यात आहे.

पश्चिम महाराष्ट्राला १९४८ चा कायदा. विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात आला अन् आपल्यासाठी १९५८ मध्ये वेगळा कायदा झाला. त्यानुसार १ एप्रिल १९६१ पासून खरेदीला पात्र कुळाकडची जमीन त्याच्या मालकीची ठरली. किंमत हप्त्यानं फेडायची. कूळ म्हणून ज्याची नोंद होती, त्याचा हक्क सिद्ध झाला. भूमिहीनाची पोरं खातेदार झाली.

मालकांनी मात्र एवढंच ध्यानात ठेवलं, की नाव लागलं म्हणजे जमीन गेली. मग व्यवहार तोंडी, अन् माणूस दरसाल बदलायचा. तो धाक अजून गेला नाही. कपाशी-सोयाबीनला पैसा लावणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून पीककर्ज नाही. गारपीट झाली की मदत बहुतेक मालकाच्याच खात्यात.

आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये तोड काढली. ११ महिन्यांचा करार, मालकी शाबूत, अन् कसणाऱ्याला कर्ज-विम्यासाठी कार्ड. पण तिथंही मालकाची सही लागतेच.

‘कसेल त्याची जमीन’ राहू द्या. ‘पेरेल त्याचं पीक’ एवढं तरी कागदावर यावं. तुमच्या गावात ठोका लिहून देतात का? सांगा.