अपवादांची यादी : सदोष साठवणसाधने आणि त्यांचे दुभाषे

सेनगाव तालुका हा हिंगोली जिल्ह्याच्या कडेला, वाशीम जिल्ह्यातील रिसोडला लागून असलेला भाग आहे. मराठवाडी आणि वऱ्हाडी या बोलींची सरमिसळ तेथे ऐकावयास मिळते, म्हणून प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी त्या गावांतून फिरून बोलीचे नमुने ध्वनिमुद्रित केले. ही सर्व मुद्रणे एका बाह्य डिस्कवर साठविली होती आणि, सांगण्यास संकोच वाटतो, त्यांची दुसरी प्रत केलेली नव्हती. ज्यांचे बोलणे त्यांत आहे, त्यांपैकी दोन वृद्ध निवेदक आता हयात नाहीत. पुढे लिनक्स ही कार्यप्रणाली असलेल्या नव्या संगणकाला ती डिस्क जोडली असता संगणक अडखळू लागला. डिस्कवरील अगदी शेवटचा ब्लॉक वाचता येत नाही, अशी नोंद तो पुनःपुन्हा करी आणि काही क्षणांत डिस्क मुकी होई. ती बिघडली, असेच प्रथम वाटले. वस्तुतः ती बिघडलेली नव्हती. ती स्वतःविषयी चुकीचे सांगत होती.

अशा चुकीच्या सांगण्याचा आणि त्याला तोंड देण्यासाठी योजलेल्या उपायांचा एक इतिहास आहे. तो अभियंत्यांच्या हातून घडला असला, तरी व्याकरणाच्या अभ्यासकाला त्यात परक्यासारखे वाटण्याचे कारण नाही. प्रत्येक साठवणसाधनाच्या पोटात कारखान्यातच लिहिलेली एक आज्ञावली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. संगणकाच्या बाजूने तिच्याशी बोलणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. दोघांचे संभाषण प्रमाणग्रंथात ठरवून दिलेल्या भाषेत चालते. फर्मवेअर लिहिणाऱ्याने प्रमाणग्रंथ चुकीचा वाचला आणि साधने बाजारात गेली, की मूळ पाठ दुरुस्त करणे बहुधा कोणाच्याच हाती राहत नाही. घरोघरी गेलेली साधने परत कोण मागविणार? मग दुभाषाच वक्त्याची चूक लक्षात ठेवून अर्थ लावू लागतो.

प्रमाणग्रंथही निर्दोष असतात असे नाही. यूएसबीने जोडलेल्या साठवणसाधनांची बोलण्याची रीत ज्या ग्रंथाने ठरविली, त्याच्या पहिल्या आवृत्तीवर ३१ सप्टेंबर १९९९ ही तारीख छापलेली आहे. सप्टेंबरचे दिवस एकाने मोजण्यात चूक करणारा हा ग्रंथ ज्या साधनांसाठी लिहिला गेला, त्यांतील एका मोठ्या वर्गाचा दोष नेमका एकाने मोजण्याचाच निघावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

तो दोष असा. डिस्कवरील जागा सारख्या आकाराच्या ब्लॉकांत विभागलेली असते आणि ब्लॉकांची मोजणी शून्यापासून होते. ड्रायव्हर विचारतो : तुझा शेवटचा ब्लॉक कितवा? हजार ब्लॉक असतील तर उत्तर ९९९ असे यावयास हवे. काही साधने १००० असे सांगतात. त्यांनी प्रश्न 'एकूण ब्लॉक किती' असा समजून घेतलेला असतो. 'शेवटचा कितवा' आणि 'एकूण किती' यांतील हा गोंधळ मराठी माणसाने समजून घेण्यासारखा आहे. आपण 'आठ दिवसांनी या' म्हणतो तेव्हा आठवडाच अभिप्रेत असतो, आणि आपल्या पंधरवड्यात दिवस चौदाच भरतात. ऐकणाऱ्याला संकेत ठाऊक असल्याने व्यवहार अडत नाही. संगणकाला संकेत ठाऊक नसतो. नवी कार्यप्रणाली डिस्क जोडताच तिच्या शेवटी काही खुणा आहेत का ते पाहावयास जाते, अस्तित्वातच नसलेला ब्लॉक मागते, आणि अशा मागणीने गोंधळून पुष्कळशी साधने बोलणेच थांबवितात. सेनगावच्या मुद्रणांचे नेमके हेच झाले होते.

लिनक्सचा आरंभ १९९१ चा. तिच्या ड्रायव्हरांत सदोष साधनांची यादी फार लवकर आली. स्कझी या जोडणीतील एका साधनाच्या पोटात अनेक उपसाधने असू शकतात, म्हणून ड्रायव्हर शून्यापुढील क्रमांकांनाही हाक मारून पाहतो. चिनॉन कंपनीचे सीडीएस-४३१ हे सीडी वाचणारे यंत्र, त्यातही त्याची 'एच४२' ही आवृत्ती, अशी हाक ऐकली की जागीच थिजे. यादीत त्याच्या नावापुढे एवढेच नोंदविले गेले, की यास शून्याखेरीज दुसऱ्या क्रमांकाने हाक मारू नये.

या नोंदीची घडण पाहण्यासारखी आहे. आधी कंपनीचे नाव, मग यंत्राचे, मग आवृत्ती आणि शेवटी दोषाची खूण. स्कझीच्या भाषेत साधन आपली ओळख कंपनीसाठी आठ, नावासाठी सोळा आणि आवृत्तीसाठी चार अक्षरांत देते. ड्रायव्हर ती अक्षरे यादीशी ताडून पाहतो. यूएसबीच्या यादीत नावांऐवजी कंपनीचा व वस्तूचा क्रमांक आणि आवृत्तीची खालची व वरची मर्यादा असते, आणि कित्येक नोंदींच्या डोक्यावर तो दोष कोणी कळविला त्याचे नावही दिलेले आढळते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तिच्या तळटीपांतही हस्तलिखितांना संकेताक्षरे दिली असून कोणत्या पोथीत कोणता पाठ आहे हे पानोपानी नोंदविले आहे. सुकथनकरांना पोथी दुरुस्त करावयाची नव्हती. तिला ओळखून, तिच्या दोषासकट तिचा उपयोग करावयाचा होता. ड्रायव्हरची यादी त्याच जातीची वस्तू आहे.

पाणिनीय परंपरेची परिभाषा येथे अधिक उपयोगी पडते. प्रमाणग्रंथ हा उत्सर्ग, यादीतील नोंद हा अपवाद. नियमांनी सिद्ध न होणारे रूप जसेच्या तसे सांगून टाकणे म्हणजे निपातन; चिनॉनची नोंद ही निपातनच होय. परंतु दोष एका यंत्रापुरता न राहता कुळात पसरू लागला, की एकेक रूप सांगून भागत नाही. निकॉनच्या कॅमेऱ्यांबाबत तसेच झाले. एकामागून एक नमुने क्षमता एकाने जास्त सांगतात असे आढळत गेले आणि प्रत्येकाची वेगळी नोंद होत राहिली. अखेरीस नोकिया, निकॉन, पेंटॅक्स आणि मोटोरोला या चार कंपन्यांच्या डिस्कसारख्या साधनांनी सांगितलेली क्षमता मुळातच संशयास्पद धरावी, असा नियम ड्रायव्हरात घातला गेला. गणपाठातील आकृतिगण याच रीतीचे : यादी पुरी नाही, रूप पाहून ओळखावे.

संशय घेतला तरी निर्णय कसा करावयाचा? ड्रायव्हरात योजलेली युक्ती साधी आहे. साधनाने सांगितलेल्या उत्तरावरून निघणारी ब्लॉकांची संख्या विषम असेल तर एक वजा करावा, सम असेल तर तशीच ठेवावी. कारण खरी क्षमता बहुधा सम असते. हा सिद्धान्त नव्हे, अनुमान आहे, आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनीही त्याला अनुमानच म्हटले आहे. याचे कारण ते असे देतात, की काही साधनांचे दोन प्रकार बाहेरून ओळखू येत नाहीत आणि त्यांतला एक खरे सांगतो, दुसरा खोटे. आपण ज्याला भिन्नार्थी समोच्चारी शब्द म्हणतो, ते हेच. शब्दाचा अर्थ संदर्भावरून लावता येतो. येथे संदर्भ म्हणून हाती उरते ती केवळ संख्येची समविषमता.

नावावरून पारख करण्यातला धोका पुढे अधिक मोठ्या प्रमाणावर दिसून आला. फिरती तबकडी नसलेल्या डिस्कला, म्हणजे एसएसडीला, कोणती जागा आता रिकामी झाली हे कळविण्याची एक आज्ञा आहे; तिला ट्रिम म्हणतात. ही आज्ञा इतर आज्ञांच्या रांगेत उभी करून देण्याची सोय नंतर आली. सॅमसंगच्या ८०० या मालिकेतील डिस्का आपल्याला ती सोय आहे असे सांगत, परंतु ती वापरली असता मजकुराची हानी होई. म्हणून २०१५ साली लिनक्सच्या यादीत 'सॅमसंग एसएसडी ८' यापुढे काहीही असो, अशी नोंद झाली; त्या साधनांना ही आज्ञा रांगेत द्यावयाची नाही. पुढे कंपनीकडून मिळालेल्या माहितीवरून ही नोंद ८४० आणि ८५० यांपुरती आखडली गेली. २०२१ साली ८६० आणि ८७० यांची नावे पुन्हा यादीत घालावी लागली. अपवाद मागे घेतला गेला आणि वापराने तो परत आणला. कोशकारांना हा अनुभव नवा नाही.

त्याच वर्षी, २०१५ मध्ये, दुसरे एक प्रकरण घडले. ते येथे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण त्याची व वरील दोषाची गल्लत वारंवार होते. अल्गोलिया या कंपनीच्या संगणकांवरील मजकुरात मध्येच शून्ये भरलेली आढळू लागली. त्यांनी कसून शोध घेतला आणि त्यांच्याकडील सॅमसंगच्या डिस्कांवर व साध्या, रांगेत न दिलेल्या ट्रिमवर संशय प्रकट केला. त्याच कंपनीच्या डिस्का यादीत नुकत्याच आलेल्या असल्याने तो सर्वांना पटण्याजोगा होता. परंतु सॅमसंगच्या अभियंत्यांनी तपास केला तेव्हा दोष डिस्केत नसून लिनक्समध्येच आहे असे निष्पन्न झाले. अनेक डिस्का एकत्र जोडून वापरताना मोठी ट्रिम आज्ञा तोडून तिचे तुकडे केले जात, आणि त्या तोडण्यात चूक होती. जुलै २०१५ मध्ये तिची दुरुस्ती पुढे आली. साक्षीदाराची पूर्वकीर्ती वाईट होती म्हणून दुभाषाची चूक त्याच्या माथी मारली गेली. पाठचिकित्सेत एखादी पोथी एकदा भ्रष्ट ठरली, की संपादकाचे स्वतःचे अपवाचनही तिच्या नावावर जमा होते. त्याचे हे अगदी जवळचे उदाहरण आहे.

ॲपलने याच बाबतीत उलट मार्ग धरला होता. आपण पुरविलेल्या डिस्कांनाच ट्रिम द्यावयाची, इतरांना नाही. जून २०१५ मध्ये त्यांनी इतर डिस्कांसाठीही ती चालू करण्याची आज्ञा उपलब्ध केली, पण जोखीम वापरणाऱ्याची, असे बजावून. लिनक्सने सर्वांवर विश्वास ठेवून दोषी वेगळे काढले, तर ॲपलने सर्वांना दोषी धरून आपले तेवढे वेगळे काढले. लेखकाला पहिली रीत अधिक प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात प्रत्येक संशयाची नोंद उघड्यावर राहते.

दुभाषाच्या चातुर्यालाही सीमा आहेच. २०१९ च्या नोव्हेंबरात एचपीई या कंपनीने आपल्या काही एसएसडींविषयी जाहीर केले, की ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, त्या कायमच्या बंद पडतील. ही संख्या दोनचा पंधरावा घात आहे, हे जाणत्याला लगेच दिसते. येथे वक्ताच मरणार. ड्रायव्हरला अर्थ लावण्यासाठी काही उरणार नाही. अशा वेळी फर्मवेअर बदलणे एवढाच उपाय असतो आणि कंपनीने तोच दिला.

या याद्यांच्या शब्दसंपदेबद्दल एक निरीक्षण नोंदवून ठेवतो. लिनक्सच्या ज्या भागात वरील सॅमसंगची नोंद आहे, तेथे दोषाला दीर्घकाळ 'हॉर्केज' असा एक गावरान शब्द रूढ होता. २०२४ साली तो काढून 'क्वर्क' हा शब्द सर्वत्र घालण्यात आला, कारण पहिल्याचा अर्थ पुष्कळांना कळत नसे. पहिल्यात बिघाडाबद्दलची चीड होती, दुसऱ्यात केवळ विक्षिप्तपणा आहे. मराठीत त्याला 'खोड' हा शब्द चालेल. खोड जडलेल्या माणसाशीही आपण वागतोच.

आता आमच्या डिस्केकडे. लिनक्समध्ये एखाद्या यूएसबी साधनाची खोड आपल्या संगणकापुरती सांगण्याची सोय आहे. कंपनीचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि क्षमता एकाने कमी धरावी यासाठी एक अक्षर, एवढे लिहिले की पुरते. तसे लिहिल्यावर डिस्क निमूटपणे उघडली. सर्व मुद्रणे मिळाली आणि त्यांच्या दोन प्रती झाल्या. ही नोंद सार्वजनिक यादीत जावी यासाठी कळवावे, असा विचार होता. परंतु शोध घेता असे दिसले, की हे क्रमांक डिस्केचे नसून तिच्या डबीतील जोडणी-चिपचे आहेत. विभागातील दुसऱ्या एका डबीचेही तेच क्रमांक, तीच आवृत्ती, आणि ती मात्र खरे सांगते. माझी नोंद सर्वांना लागू झाली असती तर अशा डबीतील डिस्कांचा शेवटचा, खरा ब्लॉक दिसेनासा झाला असता. आणि नव्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कांवर विभागणीच्या तक्त्याची राखीव प्रत त्याच ब्लॉकात संपते. म्हणून कळविले नाही. ती ओळ विभागातील एकाच संगणकावर राहिली आहे, आणि डबीवर कागदाची चिठ्ठी चिकटविली आहे : 'ही एकाने जास्त सांगते.'